लंडनच्या शाळा समजावून सांगणारी पेड सर्व्हिस: ३५० पाउंड दिले, त्याचा हिशोब

नाव लिहीत नाहीये मुद्दाम, कारण सल्ला देणाऱ्या बाई स्वभावाला चांगल्या होत्या आणि अशा सर्व्हिस देणारे इथे बरेच आहेत, कमीजास्त सगळ्यांचं सारखंच असणार. पण आपल्यातले कोणी लंडनला शिफ्ट होत असतील तर पैसे भरायच्या आधी एवढं वाचून घ्या.

आम्ही २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये पुण्याहून आलो. मुलगी ८ वर्षांची, मुलगा नुकताच ३ पूर्ण झालेला, ऑगस्टचा जन्म. शाळा सप्टेंबरमध्येच सुरू झालेल्या, म्हणजे आम्ही आधीच लेट. ऑफिसातल्या प्रत्येकाचा सल्ला वेगळा, एक म्हणतो हॅरोला राहा, दुसरा म्हणतो सटनला जा तिथे ग्रामर स्कूल (प्रवेश परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या सरकारी शाळा) आहेत, तिसरा म्हणतो पब्लिक स्कूलच्या भानगडीत पडू नका फार महाग. मला दोन दिवस कळेना की पब्लिक स्कूल महाग कशी, पब्लिक म्हणजे सरकारी ना? तर इथे पब्लिक स्कूल म्हणजे ईटन, हॅरो असल्या जुन्या प्रायव्हेट शाळा आणि फुकटच्या सरकारी शाळेला म्हणायचं स्टेट स्कूल. इथूनच डोक्याला शॉट बसायला सुरुवात. शेवटी नवरा म्हणाला पैसे भरू पण कोणीतरी नीट समजावून सांगू दे, आणि आम्ही ३५० पाउंड भरले. त्यात दीड तासाचा व्हिडिओ कॉल, एक एक्सेल शीट आणि महिनाभर ईमेलवर प्रश्न विचारायची मुभा. रुपयात करू नये म्हणतात पण केलेच, ४० हजाराच्या आसपास.

आधी चांगलं सांगते. मुलगी पुण्यात तिसरीत होती, मला वाटलेलं इथे टेस्ट घेतील, इंग्लिश बघतील, कदाचित एक वर्ष मागे बसवतील. बाई म्हणाल्या असं काही नाही, इथे वयावरच वर्ग ठरतो, १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट अशी वर्षाची पट्टी, २०१६ च्या मार्चचा जन्म म्हणजे सरळ इयर फोर. मार्कशीट कोणी विचारणार नाही. आणि खरंच कोणी विचारली नाही, मी लॅमिनेट करून आणलेली प्रोग्रेस कार्डं अजून सूटकेसमध्ये पडलीयेत. वर्षाच्या मधे घ्यायच्या अॅडमिशनला इन-इयर म्हणतात, त्याचा फॉर्म वेगळा. पत्त्याच्या पुराव्याला घराचं अॅग्रीमेंट आणि काउन्सिल टॅक्सचं बिल लागेल हे त्यांनी आधीच सांगितल्यामुळे आमचे चक्क पंधरा दिवस वाचले. मुलीला नोव्हेंबरमध्ये जागा मिळाली, घरापासून मैलभर लांबच्या शाळेत, जिथे इयर फोरमध्ये सीट रिकामी होती.

दुसरी गोष्ट मुलाच्या ऑगस्टच्या जन्माची. इथे ४ वर्षं पूर्ण झाली की पुढच्या सप्टेंबरपासून रिसेप्शन (इयर वनच्या आधीचा, शाळेचा पहिला वर्ग), म्हणजे आमचा गडी ४ वर्षं आणि काही दिवसांचा असताना वर्गात, शेजारी बसलेलं पोर जवळजवळ ५ चं. ऑगस्टच्या मुलांना वर्षभर थांबवून पाचव्या वर्षी रिसेप्शनलाच बसवायची विनंती करता येते, पण ती मान्य करायची की नाही ते अॅडमिशन देणारे ठरवतात, नाहीतर मूल सरळ इयर वनमध्ये जाऊन पडतं. हे मला कोणत्याच व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळलं नव्हतं. आम्ही विनंती केली नाही, आमचं कार्टं आधीच शाळेच्या नावाने नाचत होतं, पण पर्याय आहे हे माहीत असलेलं बरं ना.

आता खरी गंमत. आमच्या किचनच्या खिडकीतून एक शाळा दिसते. दिसते म्हणजे काय, मैदानावर लाल स्वेटरवाली पोरं पळताना दिसतात, सुट्टीची घंटा ऐकू येते. सासूबाई तेव्हा इथे होत्या, त्या रोज सकाळी चहा घेऊन खिडकीशी बसायच्या आणि म्हणायच्या, "अगं ही काय समोर शाळा, जाऊन नाव घालून ये की." मी म्हणायचे, "आई, इथे असं जाऊन नाव नाही घालता येत हो." त्यांना पटायचं नाही. मलाही कुठे पटत होतं.

पद्धत अशी आहे की तुम्ही तुमच्या बरोच्या (बरो म्हणजे लंडनचा एकेक विभाग) काउन्सिलकडे, म्हणजे तिथल्या पालिकेकडे, एकच ऑनलाइन अर्ज करायचा, लंडनमध्ये ६ शाळांपर्यंत पसंती देता येते, दुसऱ्या बरोतली शाळा असली तरी अर्ज स्वतःच्याच बरोतून. रिसेप्शनची शेवटची तारीख १५ जानेवारी, निकाल १६ एप्रिलला. जागेपेक्षा अर्ज जास्त आले की शाळा स्वतःच्या नियमाने क्रम लावते, साधारण आधी काउन्सिलच्या देखरेखीखालची मुलं, मग ज्यांची भावंडं तिथे शिकतायत ती, मग उरलेल्या जागा घरापासूनच्या अंतराने. आमच्या इथे अंतर नकाशावर सरळ रेषेत मोजतात. कावळा उडेल तसं. तर दरवर्षी शेवटची जागा किती अंतरावरच्या घराला गेली तो आकडा काउन्सिल छापतं, आणि बाईंच्या शीटमधली सगळ्यात कामाची कॉलम हीच. खिडकीतल्या शाळेचा आदल्या वर्षीचा आकडा ०.२६ मैल, आमचं घर ०.२४ वर. बाई म्हणाल्या, "यू आर सेफ." मी त्या रात्री शांत झोपले.

सेफ कसलं डोंबल. एप्रिलमध्ये निकाल आला, त्या वर्षी शेवटची जागा ०.२१ वर संपली. म्हणजे पन्नासेक मीटरने हुकलं आमचं! रिसेप्शनचा एकच वर्ग, जागा ३०, आणि लहान वर्गात एका शिक्षकामागे ३० च्या वर मुलं बसवायला कायद्यानेच बंदी असल्यामुळे एखादं मूल जास्तीचं घ्या हो असं म्हणायची सोयच नाही. काउन्सिलला फोन केला तर कळलं भावंडांच्याच अर्ध्याहून जास्त जागा गेल्या त्या वर्षी, मग अंतरवाल्यांना उरणार किती. नंतर मी काउन्सिलचं प्रायमरी अॅडमिशनचं पुस्तक डाउनलोड केलं, फुकट मिळतं, पीडीएफ, त्यात मागच्या तीन वर्षांचे आकडे होते आणि एक वर्ष तर ०.१९ होता. तीन आकडे शेजारी ठेवले असते तर शेंबडं पोरही सेफ म्हणालं नसतं. ३५० पाउंडात एकाच वर्षाचा आकडा बघितला याचा राग मला अजून आहे. ईमेल केला तर उत्तर आलं की कटऑफ दरवर्षी बदलतो. अहो मग तेच आधी सांगायचं होतं ना.

पण, आणि हे प्रामाणिकपणे लिहायलाच हवं, वाचवलं पण त्यांच्याच सल्ल्याने. व्हॉट्सअॅपवरचे दादालोक सांगत होते एकच शाळा टाका म्हणजे काउन्सिलला द्यावीच लागेल. बाई म्हणाल्या अजिबात नको, शाळेला तुमचा पसंतीचा क्रम दिसतच नाही, प्रत्येक शाळा तुम्हाला आपापल्या नियमाने तोलते आणि जिथे जिथे बसता त्यातली सगळ्यात वरची मिळते, म्हणून आवडती वर टाकायला घाबरू नका पण खाली मुलीची शाळा टाकाच, तिथे भावंड म्हणून नंबर वर लागेल. एकच टाकली आणि ती हुकली तर काउन्सिल जिथे सीट उरलीये तिथे पाठवतं, मग ती कुठे का असेना. आम्ही पहिली खिडकीतली टाकली, दुसरी मुलीची, दुसरी मिळाली. दोघं एकाच गेटमधून जातात, माझी सकाळची एक फेरी वाचली. ते पैसे वसूल म्हणायचे.

शीटचं बाकीचं म्हणाल तर ठीकठाक. त्यात ऑफस्टेडची (शाळा तपासणारी सरकारी संस्था) एक मोठी हिरवी कॉलम होती, आउटस्टँडिंग, गुड वगैरे. आता गंमत अशी की सरकारी शाळांना एका शब्दाचा शेरा द्यायचं ऑफस्टेडने २०२४ च्या सप्टेंबरपासूनच बंद केलेलं, आणि त्याआधी २०१२ ते २०२० आउटस्टँडिंग शाळांचं नेहमीचं इन्स्पेक्शनच होत नव्हतं, त्यामुळे कुंपणावर बॅनर आउटस्टँडिंगचा आणि आत हेडटीचर बदलून जमाना झालेला असं होऊ शकतं. आम्ही शीट बाजूला ठेवून ओपन डेला स्वतः गेलो, वर्गात डोकावलो, तेच जास्त उपयोगी पडलं.

आणि भीती घालणं फार. "प्लेसेस गो व्हेरी फास्ट" हे वाक्य मी मोजलं नाही पण पाच-सहा वेळा तरी आलं. गाजलेल्या शाळांना ते लागू आहे, पण लंडनमध्ये जन्मदर कमी झाल्यामुळे प्रायमरीची पटसंख्या घसरतेय, हॅकनीसारख्या बरोत तर शाळा बंद झाल्यात किंवा एकमेकींत मिळवल्यात. जागा असते हो, फक्त तुम्हाला हवी तिथे नसते. भीती घालून झाली की हळूच प्रायव्हेटचा विषय, तीन वेळा. २०२५ च्या जानेवारीपासून त्या फीवर २० टक्के व्हॅट बसलाय हे मात्र मला बातम्यांतून कळलं. इयर फोरमधल्या पोरीला इलेव्हन प्लसच्या (ग्रामर स्कूलची प्रवेश परीक्षा) ट्यूशनला घाला हेही सांगून झालं. ग्रामर स्कूल लंडनच्या सगळ्या बरोत नाहीतच, बार्नेट, सटन, किंग्स्टन, बेक्स्ली अशा काहींत आहेत, आणि आमच्यात नाही. मग?

जे सांगायला हवं होतं ते राहिलं. शाळा चालू असताना सुट्टी घेऊन गावी गेलात आणि पाच दिवस विनापरवानगी गैरहजेरी झाली तर दंड होऊ शकतो, प्रत्येक पालकाला प्रत्येक मुलामागे ८० पाउंड, २१ दिवसांत नाही भरला तर १६०. गणपती बहुतेकदा नेमके शाळा उघडतात तेव्हाच येतात, तेव्हा तिकीट काढायच्या आधी शाळेचं कॅलेंडर बघा. दुसरं, सरकारी प्रायमरीत सगळ्या मुलांना दुपारचं जेवण फुकट आहे, लंडनच्या मेयरने २०२३ पासून सगळ्या वर्गांना सुरू केलंय. मी पहिला आठवडा सकाळी सहाला उठून पोळीभाजीचा डबा देत होते आणि माझी लेक तो तसाच परत आणून जॅकेट पोटॅटो खाऊन येत होती.

माझ्याकडून ५ पैकी ३ स्टार. दीड तासातली वीस मिनिटं सोन्यासारखी, बाकीचं काउन्सिलच्या पुस्तकात फुकट. इंग्लिश वाचायचा कंटाळा नसेल आणि हातात महिनाभर असेल तर पैसे ठेवा. आमच्यासारखे ऐन गडबडीत आलेले असाल आणि दोन मुलं दोन वयांची असतील तर घ्या, पण प्रश्न लिहून बसा आणि अंतराचे आकडे तीन वर्षांचे मागा.

खिडकीतल्या शाळेच्या वेटिंग लिस्टवर मुलाचं नाव आम्ही तरीही ठेवलंच होतं. मे महिन्यात नंबर ४ होता, जूनमध्ये ६ झाला, कारण ती यादी आधी-नंतर अशी नसते, कोणी आमच्यापेक्षा जवळ राहायला आलं की ते पुढे. सासूबाई पुण्याहून फोनवर अजून विचारतात, "काय गं, समोरच्या शाळेचं काय झालं?"