शेगाव संस्थान – चप्पल स्टँडसाठी वेगळे पाच स्टार

गेल्या महिन्यात आईबाबांना घेऊन शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला जाऊन आलो, भक्तनिवासात एक रात्र राहिलो. स्वच्छता, रांगेची शिस्त, स्टेशनवरून फ्री बस हे सगळं लोकांनी लिहून लिहून झालंय त्यामुळे ते परत लिहीत नाही, सगळं खरंय एवढंच सांगतो.

मला सांगायचंय ते सेवाधाऱ्यांबद्दल. पांढऱ्या कपड्यातली ही माणसं पगारी नाहीत, गावोगावहून पाळीपाळीने येतात आणि ठरलेले दिवस फुकट राबून परत जातात. चप्पल स्टँडवर बाबा चप्पल काढत होते तर पन्नाशीचे एक काका "आना माऊली" म्हणत ती दोन्ही हातांनी उचलायला वाकले, बाबा एवढे ओशाळले की चप्पल सोडेचनात, दोघांची मस्त ओढाताण! मग गप्पा. वाशिमकडचे शेतकरी, सोयाबीन काढून आलेले. मी विचारलं यातून काय मिळतं हो, तर हसून म्हणाले, "घरी माही चप्पल बायकोलेच शोधा लागते, अन् इथं पाहा." एवढंच. मला तरी यापेक्षा चांगलं उत्तर सुचलं नसतं.

महाप्रसादाला पण तेच, साधं गरम जेवण आणि पोटभर होईपर्यंत आग्रह, पैसे कोणी विचारत नाही. इथले शिवशंकरभाऊ पाटील (2021 मध्ये गेले) एवढा कारभार सांभाळून संस्थानचं पाणीसुद्धा घ्यायचे नाहीत असं सगळे सांगतात, वरचा माणूस असा असल्यावर खालचे चप्पल उचलायला का लाजतील.

टिप्स: गुरुवार, प्रगटदिन, रामनवमी, ऋषिपंचमी टाळा, नाहीतर वेळ काढूनच जा. चप्पलचा टोकन जपा, मी हरवला आणि अर्धा तास घाम फुटला, चूक माझीच. आणि कचोरी गरम असतानाच खा, घरी आणून मजा नाही.

बाकी बाबा रिटायर झाल्यापासून टीव्हीसमोर बसून सगळ्यांवर चिडचिड करायचे. आल्यापासून सेवेला नंबर कसा लागतो म्हणून अकोल्याच्या मावसभावाला रोज फोन चालू आहेत. तोपर्यंत प्रॅक्टिस म्हणून दारातल्या सगळ्यांच्या चपला जोडीने लावून ठेवतात, काल दूधवाल्याची पण आत घेतली, तो बिचारा जिन्यात अनवाणी शोधत होता.