सत्तरीच्या पावसात मेशटॅस्टिक: पाच महिन्यांचा अनुभव

आमचं कुळागर (सुपारी-नारळाची बाग) गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. पावसाळ्यात वीज गेली की थोड्या वेळात मोबाईलची रेंजही जाते, आणि घरी बाबा एकटे. म्हणून जूनच्या सुरुवातीला तीन लोरा उपकरणं घेतली. लोरा म्हणजे कमी विजेत लांबवर छोटे संदेश पोचवणारा रेडिओ, आणि त्यावर चालणारं मेशटॅस्टिक हे सॉफ्टवेअर संदेश एका उपकरणाकडून दुसऱ्याकडे पुढे सरकवतं. तीन उपकरणं अशी ठेवली: एक घरी, एक वाळपईत माझ्याजवळ, तिसरं टेकडीवरच्या काकांच्या माळ्यावर.

फोन ब्लूटूथने उपकरणाला जोडायचा आणि मजकूर लिहायचा. सिम नको, इंटरनेट नको. भारतात 865 ते 867 मेगाहर्ट्झला परवाना लागत नाही, मात्र मेशटॅस्टिकच्या ॲपमध्ये प्रदेश म्हणून भारत निवडावा लागतो. अँटेना लावल्याशिवाय उपकरण कधीच चालू करू नका, रेडिओ जळू शकतो.

काकांचं उपकरण आमचे संदेश ऐकून पुढे पाठवतं, पण ते वाचू शकत नाही, कारण आमच्या चॅनलची किल्ली (संदेश उलगडणारा गुप्त संकेत) त्यात नाही. किल्लीचं हे महत्त्व मला उशिरा समजलं. पहिला आठवडा बाबांच्या औषधांचं बोलणं उपकरणात आधीपासून असलेल्या मूळ चॅनलवरच चाललं होतं, आणि त्याची किल्ली जगजाहीर असते. घेतल्याघेतल्या स्वतःची किल्ली तयार करा. तरीही कुठलं उपकरण बोलतंय, हे बाहेरच्याला दिसतंच.

एका संदेशात साधारण 200 बाईट मावतात. देवनागरीत काना-मात्राही धरून प्रत्येक चिन्हाला 3 बाईट लागतात, म्हणजे जेमतेम पासष्ट चिन्हं. जागा वाचवायला बाबा रोमी अक्षरांत लिहायला तयार नाहीत, आणि मलाही ते पटतं. ‘वीज गेली. मी बरा आहे.’ हे सहज मावतं.

चवथीला वाड्यावरच्या आणखी सात घरांत उपकरणं आली. सगळीकडे पोचावं म्हणून मी सर्वांवर टप्प्यांची मर्यादा (एक संदेश जास्तीत जास्त किती वेळा पुढे पाठवला जावा) 3 वरून 7 केली आणि संदेश गळायला लागले. इथे उपकरणं ऐकलेलं पुन्हा बोलतात, रेडिओची वाट एकच आणि तीही संथ; सगळे एकदम बोलले की कुणाचंच ऐकू येत नाही. पुन्हा 3 केल्यावर सुरळीत झालं. घरं वाढली की टप्पे वाढवण्यापेक्षा एखादं उपकरण उंचावर बसवणं बरं.

काकांकडचं सौर पॅनल जुलैच्या ढगांत निकामीच होतं. दर चार दिवसांनी बॅटरी बदलायला चढावं लागायचं. पुढच्या पावसाळ्याआधी तिथे कमी वीज खाणारं उपकरण बसवणार आहे.