पेठेतलं घर की हिंजवडीचा फ्लॅट? आई-बाबांच्या पायांचा हिशोब

सदाशिव पेठेतलं दुसऱ्या मजल्यावरचं, बिनलिफ्टचं घर ठेवायचं की आई-बाबांना हिंजवडीच्या सोसायटीत न्यायचं? आम्ही दोन्ही करून पाहिलं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार पासष्टीनंतरही आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम स्वरूपाची हालचाल हवी, शिवाय तीन दिवस तोल सांभाळायचे व्यायाम. या मापाने सोसायटीच सरस वाटते. सपाट ट्रॅक, बाकं, गाड्यांची भीती नाही. पहिला महिना बाबा रोज चार फेऱ्या मारायचे. मग दोन झाल्या. मग "आज ऊन फार आहे". गोल गोल फिरून पोचायचं कुठे, हा त्यांचा प्रश्न. दूध, औषधं, भाजी सगळं दारात, आणि गेटाबाहेरचा फुटपाथ शंभर पावलांवर संपून थेट डंपरच्या वाटेत.

पेठेत बाबा फिरायला जातच नाहीत, कामाला जातात. पेरुगेटपाशी पेपर, मग पुणे नगर वाचन मंदिरात पुस्तक बदलायचं (संस्था १८४८ ची, बाबांच्या तक्रारीही जवळपास तेवढ्याच जुन्या). आईला कोपऱ्यावरची भाजी चालत नाही, मंडईच लागते. एका जुडीसाठी तीन गाळे पालथे घालते. संध्याकाळी सारसबाग. चाललो किती, हे दोघांनीही कधी मोजलं नाही.

आता पेठेची दुसरी बाजू. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांप्रमाणे फुटपाथची उंची १५० मिलिमीटरच्या आत हवी आणि चालायला १.८ मीटर मोकळी जागा हवी. आमच्या गल्लीत त्या जागेत स्कूटर उभ्या असतात आणि एक फरशी पाय ठेवला की डुगडुगते. बाबा ती ओळखून ओलांडतात, पाहुणे ठेचकाळतात. टिळक रोड ओलांडणं हे तर वेगळंच प्रकरण. सिग्नलचा वेळ ठरवताना चालणाऱ्याचा वेग साधारणपणे सेकंदाला १.२ मीटर धरतात. पंधरा मीटरच्या रस्त्याला साडेबारा सेकंद. गुडघे धरलेलं माणूस ०.८ च्या वेगाने गेलं तर एकोणीस. उरलेल्या सहा-साडेसहा सेकंदांत आई पिशवी छातीशी धरून रस्त्यातच उभी असते.

आणि जिना. गुडघे चांगले असतील तोवर तो फुकटचा व्यायाम. एकदा दुखायला लागले की घरातल्या घरात कैद. गणपतीतल्या ढोलांचं वेगळं सांगायला नको.

माझं मत विचाराल तर पाय चालते असतील तोवर पेठ. वॉकर लागला असेल किंवा एकदा पडणं झालं असेल तर सोसायटी, पण तिथे गेटाबाहेर चालत गाठता येईल असं किराण्याचं दुकान आणि देऊळ आहे का, हे आधी पायी जाऊन बघा. तेही पावसाळ्यात.

आम्ही पेठेतच लिफ्ट असलेलं घर भाड्याने घेतलं. हिंजवडीचा फ्लॅट भाड्याने दिलाय, त्यातून इथलं भाडं जेमतेम सुटतं. डुगडुगती फरशी अजून तशीच आहे.