डिझेल ट्रकला ट्यूनर आणि गेज: एकाच डब्यात सगळं, की दोन्ही वेगवेगळं?

अमेरिकन डिझेल पिकअप ट्रक ट्यून करायचा, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधलं (ईसीयूमधलं) सॉफ्टवेअर बदलायचं, हे तुमचं ठरलंय आणि सोबत आकडे दाखवणारा डिस्प्लेपण हवाय, तर पुढचा प्रश्न ठरलेलाच आहे. काचेवर किंवा डॅशबोर्डवर बसणारी एकच स्क्रीन घ्यायची जी ट्यूनपण टाकते आणि गेजपण दाखवते, की हातात मावणारा, ईसीयूवर नवीन सॉफ्टवेअर लिहिणारा (फ्लॅश करणारा) ट्यूनर वेगळा आणि नुसता मॉनिटर वेगळा घ्यायचा. मी दोन्ही वापरलंय, आधी एकत्र डबा जवळजवळ दोन वर्षं, आणि आता वेगळी जोडी. हॉर्सपॉवर किती वाढते, स्क्रीन किती इंची हे बॉक्सवर छापलेलं असतं त्यामुळे त्यात जात नाही, आणि माझ्याकडे डायनोचे (इंजिनची ताकद मोजणाऱ्या यंत्राचे) कागद वगैरे पण नाहीत, जे आहे ते जड ट्रेलर ओढून बघितलेलं आहे.

नावं घ्यायची तर पहिल्या प्रकारात एजचं इव्होल्यूशन, बुली डॉगचं जीटी असे डबे येतात, दुसऱ्यात एजचंच इनसाइट किंवा बँक्सचं आयडॅश. म्हणजे एजसारखी एकच कंपनी दोन्ही प्रकार बनवते, यावरून समजा की दोन्हीला गिऱ्हाईक आहे आणि दोन्हीला कारण आहे. हा सगळा माल मुख्यतः पॉवर स्ट्रोक (फोर्ड), कमिन्स (रॅम) आणि ड्युरामॅक्स (जीएम) या तीन इंजिनांभोवती फिरतो. माझा त्रास पुढे सांगणार आहे तो कुठल्या डब्यामुळे झाला ते सांगत नाही, कारण माझ्या मते प्रश्न कंपनीचा नाही, दोन कामं एकाच्या गळ्यात बांधण्याचा आहे.

आधी एकत्र डब्याची बाजू, कारण ती खरंच भक्कम आहे. एक वायर, एक माउंट, ओबीडी पोर्टात (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटमध्ये) खोचलं की झालं काम. ट्रेलर जोडला की टो ट्यून, रिकामा ट्रक असला की इकॉनॉमी, आणि काही मॉडेलमध्ये चालत्या गाडीत लेव्हल बदलता येते. याहून मला आवडलेली गोष्ट म्हणजे काही डब्यांना ईजीटीची, म्हणजे एक्झॉस्टच्या तापमानाची, मर्यादा सांगून ठेवता येते, तापमान तिथवर पोचलं की डबा आपणहून डिझेल आवरतो. ट्यूनर आणि गेज एकमेकांशी बोलत असतील तरच हे जमतं, दोन वेगळ्या कंपन्यांची जोडी जमवली की ही सोय गेली. ज्याला एकदा लावून विसरून जायचंय त्याला मी हे घेऊ नको असं म्हणणार नाही.

आता हीच ईजीटी. ट्यून केलेल्या डिझेलमध्ये बघायचा आकडा हाच, बाकी सगळे नंतर. डिझेल जास्त पडलं आणि त्या मानाने हवा कमी पडली की हा चढतो, आणि लांब चढावर ट्रेलर मागे असला की मिनिटभरात कुठल्या कुठे जातो. टर्बोच्या आधी मोजलेलं 1250 फॅरेनहाइट, साधारण 675 सेल्सियस, याच्या वर सलग राहू द्यायचं नाही असा नियम बरेच डिझेलवाले पाळतात. अॅल्युमिनियम 660 सेल्सियसला वितळतं. पिस्टन तेवढा तापत नाही, कारण खालून त्याच्यावर ऑइलचा फवारा असतो आणि दर फेरीला थंड हवा पण आत येते, तरी हे दोन आकडे एकमेकांच्या किती जवळ आहेत ते बघा म्हणजे लोक या काट्याकडे एवढं का बघतात ते कळेल.

मग गोची कुठे आहे, तर डीपीएफ (एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या बऱ्याच ट्रकमध्ये कंपनीचे ईजीटी सेन्सर असतात पण ते टर्बोच्या नंतर, फिल्टरच्या आसपास बसवलेले असतात, कारण त्यांचं काम फिल्टर सांभाळणं आहे, पिस्टन सांभाळणं नाही. टर्बोमधून जाताना एक्झॉस्टची बरीच उष्णता खर्च होते, लोडवर 200-300 फॅरेनहाइटचा फरक सहज पडतो. म्हणजे ओबीडीवरून स्क्रीनवर 1000 दिसतंय म्हणून तुम्ही निवांत, आणि मॅनिफोल्डमध्ये (टर्बोच्या आधी एक्झॉस्ट गोळा करणाऱ्या नळीत) प्रत्यक्षात 1200-1300. त्यामुळे कुठलाही प्रकार घ्या, मॅनिफोल्डमध्ये स्वतःचा प्रोब (तापमान मोजणारी काडी) बसवा. दोन्ही प्रकारच्या चांगल्या डब्यांना बाहेरचा प्रोब जोडता येतो, तो के टाइप थर्मोकपल असतो. मॅनिफोल्डला भोक पाडावं लागतं आणि लोक इथेच कचरतात. ड्रिलच्या टोकाला भरपूर ग्रीस लावायचं म्हणजे बीड लोखंडाचा भुगा त्यात चिकटतो, थोडं थोडं पाडत दर वेळी पुसून घ्यायचं, शेवटी चुंबक फिरवायचं. मी हे करताना ग्रीस सहा-सात वेळा तरी बदललं असेल, वेळ लागतो पण घाई करू नका, एक कण टर्बोच्या पात्यांवर गेला तर काय होईल ते सांगायला नको.

ओबीडीच्या आकड्यांना अजून एक मर्यादा आहे. डबा एकेक गोष्ट ईसीयूला विचारतो आणि ईसीयू उत्तर देतो. स्क्रीनवर चार गेज ठेवली तर ठीक, आठ ठेवली तर प्रत्येकाची पाळी उशिरा येते आणि बूस्टचा (टर्बोने दाबलेल्या हवेच्या दाबाचा) आकडा पाय उचलल्यावर हलतो. मी शेवटी फक्त ईजीटी, बूस्ट, ट्रान्समिशनचं तापमान आणि कूलंट एवढीच ठेवली. हे दोन्ही प्रकारांना सारखंच लागू आहे म्हणून यावर निर्णय घेऊ नका. ज्याला हे अजिबात चालत नाही त्याने ए-पिलरवर (काचेच्या बाजूच्या खांबावर) खरे काट्याचे मीटर लावावेत, स्वतःच्या सेन्सरवर चालणारे. ते दिसायला मला अजूनही सगळ्यात छान वाटतात आणि काट्याचा कोन नजर न वळवताही कळतो, पण वायरिंग करायला एक अख्खा दिवस जातो.

आता ज्या गोष्टीने माझं ठरलं ती. ट्रक वर्कशॉपमध्ये न्यायचा म्हणजे आधी ट्यून काढून स्टॉक करायचा, म्हणजे कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर परत टाकायचं, हे तुम्हाला माहीतच असेल. प्रत्येक वेळी इंजिन बंद, चावी ऑनवर, पंखा-रेडिओ-लाइट सगळं बंद, आणि दहा-पंधरा मिनिटं ती पट्टी भरताना बघत बसायचं, मध्ये बॅटरी पडली तर ईसीयू अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत अडकतो म्हणून चार्जर लावून ठेवायचा. हे मी मुकाट्याने करत होतो. एकदा वर्कशॉपने काम करता करता ईसीयूला नवीन सॉफ्टवेअर टाकलं, कंपनीकडून आलेलं, त्यांची काही चूक नाही. संध्याकाळी ट्रक घेतला, ट्रेलर जोडला, डबा लावला, तर स्क्रीनवर एकच ओळ की गाडीचं सॉफ्टवेअर ओळखता येत नाही, कॉम्प्युटरला जोडून अपडेट करा. बाकी काही नाही. मागे जायचं बटण नाही, गेजचं पान नाही. मला त्या वेळी ट्यून नकोच होती हो, मला फक्त आकडे हवे होते, आणि मॅनिफोल्डमधला माझा स्वतःचा प्रोब वायरीसकट त्या डब्यालाच जोडलेला होता, तो जिवंत होता, फक्त त्याचा आकडा मला कोणी सांगायला तयार नव्हतं.

पुढे लांब चढ होता. ट्रक स्टॉक होता म्हणजे धोका कमीच, हे मलाही माहीत होतं, पण दोन वर्षं ज्या आकड्यांकडे बघून पाय ठेवायची सवय लागलेली त्यांच्याशिवाय तो चढ मी नुसत्या आवाजावर चढलो, खालच्या गिअरमध्ये, उगीचच हळू, आणि वर पोचेपर्यंत खांदे आखडले. घरी येऊन लॅपटॉप काढला, डब्याचं अपडेट केलं, त्यात पुढचा दिवस गेला कारण माझ्या नव्या सॉफ्टवेअरसाठीची फाईल लगेच मिळाली नाही. तेव्हा ठरवलं की हात आणि डोळे एकाच डब्यात ठेवायचे नाहीत. ट्यून ही अधूनमधून बदलायची गोष्ट आहे, आकडे चावी फिरवल्यापासून बंद करेपर्यंत रोज लागतात, एकाचं काही बिनसलं म्हणून दुसरं का बंद पडावं?

आणि एकदा या नजरेनं बघायला लागलो की बाकीच्या बारीक गोष्टी पण त्याच बाजूला पडायला लागल्या. फ्लॅश केलं की डबा गाडीच्या व्हीआयएनला (चॅसिस नंबरला) लॉक होतो, त्यामुळे तो काढून दुसऱ्या ट्रकवर लावता येत नाही, ट्रक विकायच्या आधी स्टॉक करून अनलॉक करावा लागतो. नुसता मॉनिटर तसा अडकत नाही. बऱ्याच डब्यांत तुमची मूळ स्टॉक फाईल डब्यातच साठवलेली असते, आणि तोच डबा वर्षभर काचेमागे उन्हात आणि हादऱ्यात असतो. वेगळा ट्यूनर मात्र ग्लोव्ह बॉक्समध्ये सावलीत पडून राहतो, महिनोनमहिने हात लागत नाही. मला हे जास्त बरं वाटतं.

वेगळ्या जोडीचे तोटे पण आहेत, लपवत नाही. पैसे जास्त जातात. दोन कंपन्यांचे दोन मेन्यू शिकावे लागतात. ट्यूनर लावताना ओबीडी पोर्टातून मॉनिटर काढावा लागतो कारण पोर्ट एकच, आणि मग परत लावायला वाकावं लागतं. चालत्या गाडीत लेव्हल बदलत नाही, थांबून परत फ्लॅश करावं लागतं. मला याचा त्रास झाला नाही कारण मी वर्षातून दोनदा बदलतो, पण जो रोज ट्रेलर जोडतो-काढतो त्याला होईल. ट्रक आठवडेच्या आठवडे उभा राहत असेल तर एक गोष्ट दोन्हीकडे तपासा: ओबीडी पोर्टाच्या 16 नंबर पिनला बॅटरीचा करंट कायम असतो, चावी काढल्यावर स्क्रीन नीट झोपली नाही तर बॅटरी उतरते.

काही जण म्हणतील फ्लॅश नकोच, सेन्सरच्या मध्ये बसणारं प्रेशर मॉड्यूल लाव, काढायला सोपं. सोपं आहे हे खरं. पण ते ईसीयूला रेल प्रेशर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब) खऱ्यापेक्षा कमी दाखवतं म्हणून ईसीयू प्रेशर वाढवतो, आणि तुमचा मॉनिटर तोच खोटा आकडा ओबीडीवरून वाचून तुम्हाला दाखवतो. ज्याला गेज विश्वासाने बघायचीत त्याने हे लक्षात घेऊन मगच घ्यावं.

वॉरंटीबद्दल एवढंच की स्टॉक परत टाकला म्हणजे खूण राहिली नाही असं समजू नका, ईसीयू किती वेळा फ्लॅश झालाय याची नोंद बऱ्याच गाड्यांत राहते. आणि डीपीएफ-ईजीआर (प्रदूषण कमी करणाऱ्या यंत्रणा) काढून टाकणाऱ्या ट्यूनच्या नादी लागू नका. अमेरिकेत ते क्लीन एअर अॅक्टच्या विरुद्ध आहे, कॅलिफोर्नियात तर सीएआरबीचा (तिथल्या हवा-प्रदूषण मंडळाचा) ईओ म्हणजे मंजुरीचा नंबर असलेलाच ट्यूनर रस्त्यावर चालतो. तो नंबर बघून घेतलेला ट्यूनर मला तरी कमी पडलेला नाही, उलट मॉनिटरवर रीजन (डीपीएफमधली काजळी जाळणं) कधी सुरू झालं ते दिसत असल्याने मधेच इंजिन बंद करणं टळतं.

तर तुम्ही फारसं ओढत नसाल, वर्कशॉपला क्वचित जात असाल, ट्रकची वॉरंटी संपलेली असेल आणि काचेवर एकच वस्तू हवी असेल, तर एकत्र डबा घ्या, चांगला चालेल. चढावर वजन ओढत असाल तर मी म्हणेन मॉनिटर वेगळा घ्या, आणि शक्य असेल तर आधी फक्त तोच घ्या. प्रोब बसवा आणि महिनाभर स्टॉकवरच चालवा, म्हणजे तुमच्या ट्रकचे स्वतःचे आकडे तुम्हाला कळतील. मी ते सनव्हायजरमागे एका कार्डावर लिहून ठेवलेत, तोच चढ, तोच ट्रेलर, तोच गिअर: स्टॉकला 1050 च्या आसपास, टो ट्यूनला 1180, आणि परफॉर्मन्स ट्यूनला चढ अर्धा व्हायच्या आत 1300 दिसलं आणि मी पाय उचलला. ट्रान्समिशन पण त्या वेळी नेहमीपेक्षा वीस अंश वर होतं, ते खाली यायला वर सपाटीवर गेल्यावर दहा मिनिटं लागली. आता ट्रेलर मागे असला की टो ट्यूनच असते, आणि थांबल्यावर ईजीटी 300 च्या खाली येईपर्यंत इंजिन आयडलवर ठेवतो.