हॉलमध्ये चालत नेम धरायला लेझर ट्रेनर कितपत कामाचा?

ठाण्यात नेमबाजी शिकायची तर बहुतेकांच्या वाट्याला १० मीटरची एअर रेंजच येते. भरलेलं पिस्तूल घेऊन फायरिंग लाइनवरून पाऊल पुढे टाकलं तर रेंज ऑफिसर बाहेर काढतो, आणि ते योग्यच आहे. पण आयपीएससी (इंटरनॅशनल प्रॅक्टिकल शूटिंग कॉन्फेडरेशन) पद्धतीच्या, म्हणजे चालत-पळत टार्गेट मारायच्या, प्रॅक्टिकल शूटिंगमध्ये निम्मा खेळ पायांचा. तेवढ्या भागापुरता, फोनच्या कॅमेऱ्यावर चालणारा लेझर ट्रेनर सेट घेण्यासारखा आहे: ट्रिगर दाबला की गोळीऐवजी लेझरचा ठिपका टार्गेटवर पडतो आणि फोनमधलं अॅप तो टिपून गुण देतं. मात्र बघून घ्या.

ऑनलाइन जाहिरातीत जास्त करून खऱ्या पिस्तुलाच्या चेंबरमध्ये, म्हणजे गोळीच्या जागी, बसणारं ९ एमएमचं लेझर काडतूस दिसतं. ९ एमएम आपल्याकडे प्रतिबंधित बोअर (साध्या परवान्यावर न मिळणारं नळीचं माप), आणि परवान्यावरच्या .३२ बोअरच्या पिस्तुलात ते बसत नाही. बसणारं मिळालं तरी बऱ्याच पिस्तुलांत प्रत्येक वेळी स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) ओढावी लागते, मग चालण्याची लय राहते कुठे? ट्रिगर आपोआप परत येणारं प्लास्टिकचं ट्रेनर पिस्तूल घ्यावं. लेझर ट्रिगर दाबल्यावर क्षणभरच लागणारा हवा, सतत जळणारा नको, आणि ५ मिलिवॉटच्या वरचा तर नकोच.

हॉल ४ मीटरचा असेल आणि १० मीटरवरून मारल्यासारखं वाटायला हवं असेल तर आयपीएससीचं टार्गेट ४० टक्के आकाराचं छापा. १० मीटरवरचा १५ सेंटिमीटर रुंद मधला भाग ४ मीटरवर ६ सेंटिमीटरचा होतो. पूर्ण टार्गेट ए-फोर कागदावर मावतं. कागद खांद्याच्या उंचीला लावा. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारचं ऊन भिंतीवर आलं की कॅमेऱ्याला लाल ठिपका दिसेनासा होतो आणि अॅप शॉट गाळतं. पडदा ओढा, एक्स्पोजर कमी करून लॉक करा. समोर टीव्ही किंवा काचेचं कपाट असेल तर चादर टाका. परावर्तित ठिपकाही अॅप शॉट म्हणून मोजतं आणि किरण डोळ्यांत जाण्याची भीती असते.

आता खरी मजा. लेझर साधारण १०० मिलिसेकंद पेटतो आणि ३० फ्रेमचा कॅमेरा तेवढ्यात तीनेक फ्रेम पकडतो. नळी हलत असेल तर ठिपक्याऐवजी रेघ उमटते. पिस्तूल न वळवता सेकंदाला अर्धा मीटर वेगाने आडवं गेलात तर रेघ ५ सेंटिमीटरची होते. अॅप तिचा एकच बिंदू धरून गुण देतं, त्यामुळे आकड्यावर फार विसंबू नका. दुसऱ्या फोनवर भिंतीचा स्लो मोशन व्हिडिओ घ्या आणि रेघ वाचा. खाली ओढलेली रेघ म्हणजे बहुधा ट्रिगरला झटका बसला, वर-खाली नागमोडी म्हणजे गुडघे ताठ आहेत, चालण्याच्या दिशेने सरळ आडवी म्हणजे कंबर वळली नाही आणि नेम टार्गेट सोडून पुढे सरकला. एवढं स्पष्ट निदान रेंजवरचा छिद्र पडलेला कागद देत नाही.

पावलं अशी: गुडघे वाकलेले, पाऊल छोटं, पुढे जाताना आधी टाच आणि मग चवड्यापर्यंत तळवा लोळवत. मागे जाताना उलट, आधी चवडा. आडवं जाताना पाय एकमेकांवरून ओलांडू नका, कंबरेपासून वरचा भाग टार्गेटकडे वळवा. उजव्या हाताने मारणाऱ्याला टार्गेट उजवीकडे आलं की जास्त अडतं. सराव त्याच बाजूचा जास्त करावा. साइट (पिस्तुलावरची नेम धरायची खूण) थोडी डोलणारच. ती थांबायची वाट बघत पाऊल अडवलंत तर चालण्याचा फायदाच गेला. जवळच्या टार्गेटवर डोलणाऱ्या साइटनेच ट्रिगर सरळ दाबा. लांबच्या, छोट्या टार्गेटसाठी थांबलेलंच बरं. नेम नसताना बोट ट्रिगर गार्डच्या बाहेर, आणि नळी समोरच्या भिंतीकडे, डावी-उजवीकडे ९० अंशांच्या आत. प्लास्टिकच्या पिस्तुलावर ही सवय ढिली पडली की स्पर्धेत अपात्र व्हाल. चकचकीत टाइल्सवर मोजे घालून तर चालूच नका, बूट घाला.

गोळी सुटताना हाताला बसणारा धक्का मात्र यात नाही, म्हणून दोन शॉटमधला वेळ खोटा सुखावणारा येतो. वजनही बहुतेक मॉडेलमध्ये कमी असतं. बटण सेल उतरला की ठिपका फिकट होतो आणि अॅपला दोष दिला जातो. आधी सेल बदला, ठाणे स्टेशनबाहेर कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो. फोनचा स्टँड जड घ्या. शेवटी सर्वांत महत्त्वाचं: खरं पिस्तूल आणि काडतुसं सरावाच्या खोलीत नकोत, आणि समोरच्या इमारतीतून दिसणारी खिडकी बंद ठेवा. ट्रेनर पिस्तुलाला केशरी टोक असलं तरी समोरच्या पाचव्या मजल्यावरून ते खेळणं वाटत नाही, आणि पोलिसांना ११२ वर फोन जायला वेळ लागत नाही.