सेलरी: काम चोख, पण डीफॉल्ट सेटिंगवर विसंबू नये

पायथनमध्ये लिहिलेल्या सर्व्हर ॲप्लिकेशनमधील वेळखाऊ कामे, म्हणजे इनव्हॉइसची पीडीएफ तयार करणे, ई-मेल पाठवणे किंवा मोठ्या एक्सेल फाइलमधील नोंदी डेटाबेसमध्ये भरणे, ही वापरकर्त्याला ताटकळत न ठेवता पार्श्वभूमीवर करायची असतील, तर सर्वांत आधी सेलरी या टास्क-रांग चालवणाऱ्या लायब्ररीचेच नाव निघते. आस्क सोलेम यांनी २००९ मध्ये सुरू केलेला हा मुक्त स्रोत प्रकल्प मी जॅंगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कवर चालणाऱ्या ॲप्लिकेशनसाठी नियमितपणे वापरतो आणि तो विश्वासार्ह आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ही विश्वासार्हता इन्स्टॉल करताक्षणी हाती येत नाही. काही मोजकी सेटिंग्ज समजून-उमजून बदलल्यानंतरच ती मिळते, आणि हे नवख्या टीमला कोणीतरी आधीच सांगायला हवे.

मांडणी सोपी आहे. ॲप्लिकेशन कामाचा मेसेज ब्रोकरकडे, म्हणजे मेसेजची ने-आण करणाऱ्या मध्यस्थ सॉफ्टवेअरकडे देते, ब्रोकर तो रांगेत ठेवतो आणि वेगळ्या प्रोसेसमध्ये चालणारा वर्कर तो उचलून काम पूर्ण करतो. ब्रोकर म्हणून बहुतेक जण रेडिस किंवा रॅबिटएमक्यू घेतात. साध्या फंक्शनवर एक डेकोरेटर (फंक्शनच्या वर लिहायची एक ओळ) लावला की त्याचा टास्क, म्हणजे वर्करकडे सोपवता येणारे काम होते, आणि अपयशी टास्क ठरावीक अंतराने, दर खेपेला ते अंतर वाढवत पुन्हा चालवण्याची सोयही दोन-तीन शब्दांत लिहिता येते. बाहेरचा एसएमएस गेटवे काही मिनिटे बंद पडला तरी आपले ग्राहक त्यामुळे अडत नाहीत. माझ्या दृष्टीने केवळ या एका सोयीसाठीही सेलरी बसवण्याचे कष्ट सार्थकी लागतात.

पहिली खरी अडचण ट्रान्झॅक्शनची आहे. ऑर्डर सेव्ह होते, पुढच्याच ओळीत तिच्या आयडीसह टास्क रांगेत जातो आणि मोकळा बसलेला वर्कर तो काही मिलिसेकंदांत उचलतो. पण वेब रिक्वेस्टचे ट्रान्झॅक्शन अजून कमिट (डेटाबेसमध्ये कायम) झालेले नसल्यामुळे वर्करला ती ऑर्डर डेटाबेसमध्ये दिसतच नाही आणि तो ‘डझ नॉट एक्झिस्ट’ असा एरर देऊन मोकळा होतो. डेव्हलपरच्या लॅपटॉपवर टास्क रांगेत न टाकता जागच्या जागी चालवण्याचे सेटिंग ठेवलेले असेल, तर ही चूक तिथे कधीच उघडकीस येत नाही. त्यावरचा उपाय म्हणजे जॅंगोच्या ‘ऑन कमिट’मधूनच, म्हणजे कमिट झाल्यावरच टास्क पाठवणे. सेलरी ५.४ पासून त्यासाठी ‘डिले ऑन कमिट’ ही थेट मेथडच दिलेली आहे आणि ती मला मनापासून आवडली.

दुसरा मुद्दा याहून गंभीर आहे. मूळ सेटिंगनुसार वर्कर काम सुरू करण्याच्या आधीच ब्रोकरला मेसेजची पोच देतो आणि ब्रोकर तो रांगेतून काढून टाकतो, त्यामुळे मध्येच सर्व्हर बंद पडला तर तो टास्क कायमचा हरवतो. ‘ॲक्स लेट’ हे सेटिंग चालू केले की पोच काम संपल्यावर जाते. तरीही मेमरी संपल्यामुळे ऑपरेटिंग सिस्टिमने वर्करची चाइल्ड प्रोसेस मारली तर सेलरी तो टास्क संपला असेच धरते. तो रांगेत परत यावा असे वाटत असेल तर ‘रिजेक्ट ऑन वर्कर लॉस्ट’ वेगळे चालू करावे लागते. शिवाय असा टास्क पुन्हा चालू शकतो, हे गृहीत धरूनच कोड लिहावा लागतो. ग्राहकाला एकाच बिलाचे दोन मेल जाता कामा नयेत. मेल गेल्याची नोंद डेटाबेसमध्ये ठेवणे आणि टास्कच्या सुरुवातीलाच ती तपासणे, एवढी शिस्त मला अत्यावश्यक वाटते.

प्रीफेचचा, म्हणजे वर्करने प्रत्येक प्रोसेसमागे आगाऊ उचलून ठेवायच्या मेसेजचा मूळ आकडा ४ आहे. चार कोअरच्या मशीनवर चार प्रोसेस चालत असतील तर वर्कर एका वेळी १६ मेसेज स्वतःकडे राखून ठेवतो. ई-मेलसारख्या झटपट होणाऱ्या कामांना हे उत्तम आहे, पण वीस-वीस मिनिटांचे रिपोर्ट असतील तर शेजारचे मशीन रिकामे असूनही कामे इथेच खोळंबतात. अशा कामांसाठी वेगळी रांग आणि वेगळा वर्कर ठेवून हा आकडा १ करावा.

ब्रोकर निवडताना रेडिसची एक मर्यादा लक्षात घ्यायला हवी. त्याचा व्हिजिबिलिटी टाइमआउट मुळात एक तासाचा असतो आणि तेवढ्या वेळात पोच आली नाही तर तोच मेसेज दुसऱ्या वर्करकडे जातो. त्यामुळे ‘ॲक्स लेट’ असलेला दीड तासाचा टास्क, किंवा तीन तासांनंतर चालवायचा म्हणून आताच रांगेत टाकलेला टास्क, दोनदा चालू शकतो. रॅबिटएमक्यू सांभाळायला जड आहे, परंतु पैशांच्या व्यवहाराशी जोडलेल्या कामांसाठी मी त्यालाच पसंती देईन. तिथेही नव्या आवृत्त्यांत पोच देण्याची मूळ मुदत ३० मिनिटांची आहे, हे विसरू नये.

वेळापत्रकानुसार कामे सोडणारी ‘बीट’ ही प्रोसेस नेहमी एकच चालली पाहिजे. दोन सर्व्हरवर ती सुरू राहिली तर प्रत्येक काम दोनदा सुटते. ज्यांच्या ॲप्लिकेशनमध्ये जॅंगो नाही त्यांनी टाइम झोनही तपासावा, कारण सेलरी मुळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरते आणि सकाळी ७ साठी लावलेले काम आपल्याकडे दुपारी १२.३० वाजता सुरू होते.

डॉक्युमेंटेशन सविस्तर असले तरी वर सांगितलेल्या गोष्टी त्यात चार ठिकाणी विखुरलेल्या आहेत, आणि ही मला सेलरीची सर्वांत मोठी उणीव वाटते. विंडोजला अधिकृत पाठिंबा ४.० पासून नाही. ज्यांना दिवसाकाठी फक्त काही मेल पाठवायचे आहेत आणि रेडिस आधीपासून चालू आहे, त्यांनी आरक्यू ही लहानशी लायब्ररी आधी पाहावी; टास्कच्या साखळ्या, अनेक रांगा आणि वेळापत्रक या तिन्हींची गरज असेल तर मात्र सेलरी बेलाशक घ्यावी.