परतणाऱ्या विस्थापितांसाठीचे प्रशिक्षण: पहिला दिवस भक्कम, दुसरा अपुरा

संघर्षामुळे घर सोडावे लागलेल्यांचे परतणे आणि आपल्या गावात पुन्हा स्थिरावणे या विषयावर कोल्हापुरातील एका स्वयंसेवी संस्थेने नुकतेच दोन दिवसांचे निवासी प्रशिक्षण घेतले. समाजकार्याचे विद्यार्थी, वकील आणि मदतकार्यात उतरणारे कार्यकर्ते यांच्यासाठी ते आखलेले होते. आपल्या जिल्ह्यात पुनर्वसन म्हटले की धरणग्रस्त आठवतात, आणि त्यांच्या लढ्यांमुळे पर्यायी जमीन, गावठाण, नागरी सुविधा हे विषय इथल्या कार्यकर्त्यांना पाठ आहेत. मात्र पाण्याखाली गेलेल्या गावात परतण्याचा प्रश्नच उरत नाही. दंगल किंवा युद्धानंतर घर अनेकदा उभे असते, पण ज्याच्या भीतीने ते सोडले तो माणूस शेजारीच राहत असतो. हा फरक पहिल्याच सत्रात स्पष्ट झाल्यामुळे पुढच्या चर्चेला दिशा मिळाली.

पहिल्या दिवसाचे जमीन आणि कागदपत्रांवरील सत्र हा या प्रशिक्षणाचा सर्वांत मौल्यवान भाग होय. अंतर्गत विस्थापनाविषयीच्या १९९८ च्या संयुक्त राष्ट्रांच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार परतणे ऐच्छिक, सुरक्षित आणि सन्मानपूर्वक असले पाहिजे, आणि गमावलेली मालमत्ता परत मिळवून देण्यास किंवा ते शक्य नसल्यास भरपाई मिळवून देण्यास साहाय्य करणे ही शासनाची जबाबदारी आहे. तत्त्वे वाचून दाखवण्यावर न थांबता प्रशिक्षकांनी बोस्नियाचे उदाहरण घेतले. तेथील १९९२ ते १९९५ च्या युद्धात सुमारे २२ लाख लोक बेघर झाले, आणि रिकाम्या घरांत बहुधा दुसरीच विस्थापित कुटुंबे राहायला आली. सहभागींचे दोन गट करून एकाला मूळ मालकाची, तर दुसऱ्याला घरात राहणाऱ्या कुटुंबाची बाजू मांडायला सांगण्यात आले. ताबा मालकाला द्यावा, परंतु दुसऱ्या कुटुंबाला रस्त्यावर आणू नये, या दोन्ही गोष्टी एकाच आदेशात कशा बसवायच्या, यावर झालेला वाद या विषयावरील कोणत्याही व्याख्यानापेक्षा अधिक शिकवणारा होता. बोस्नियात मालमत्तेचे दोन लाखांहून अधिक दावे दाखल झाले आणि बहुतेक निकालीही निघाले. तरीही किल्ली हाती आलेल्या अनेकांनी घर विकून टाकले, कारण गावात रोजगार नव्हता आणि काही ठिकाणी एकाच इमारतीत दोन समाजांच्या मुलांसाठी वेगवेगळ्या शाळा भरत होत्या. घराचा ताबा मिळाला म्हणजे माणूस गावात परतला असे होत नाही, हे येथे पुरेपूर पटते.

दुसरा दिवस मात्र निराश करतो. मिझोराममधून १९९७ मध्ये त्रिपुरात आलेल्या ब्रू या आदिवासी समाजाच्या लोकांना परत पाठवण्याचे प्रयत्न वर्षानुवर्षे झाले आणि अखेर जानेवारी २०२० च्या करारान्वये सुमारे ३४ हजार जणांना त्रिपुरातच कायमचे वसवण्याचे ठरले. आपल्याच देशातील हे उदाहरण काही मिनिटांत उरकण्यात आले. संघर्षाच्या काळात गावातच राहिलेल्या लोकांशी कसे बोलावे, मदत केवळ परतणाऱ्यांना मिळाल्यास जुना राग नव्याने कसा पेटतो, यावर तर एकही सत्र नव्हते. माझ्या मते ही या आखणीतील सर्वांत गंभीर उणीव आहे, कारण परतलेल्याला पाणी कोणत्या विहिरीतून मिळणार, हे शेवटी तेच लोक ठरवतात.

महावीर उद्यानातील पोलिश स्मृतिस्तंभाला दिलेली भेटही धावती होती. कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत १९४३ पासून सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, मुख्यतः स्त्रिया आणि मुले, राहत होती. सोव्हिएत राजवटीने घरांतून उचलून सैबेरिया आणि कझाकस्तानात धाडलेली ही माणसे इराणमार्गे आपल्याकडे पोहोचली होती. कोल्हापूरच्या पाहुणचाराची आठवण आपण अभिमानाने सांगतो आणि ती सांगावीच. पण प्रशिक्षणार्थींसाठी खरा धडा छावणी बंद होण्याच्या काळात आहे. महायुद्धानंतर सीमा सरकल्या, त्यांच्यापैकी अनेकांची गावे सोव्हिएत संघात गेली, आणि त्यामुळे काही जण पोलंडला परतले तरी बहुतेकांनी ब्रिटन, ऑस्ट्रेलिया यांसारख्या देशांची वाट धरली. त्याच जागी पुढे फाळणीमुळे सिंध सोडून आलेली कुटुंबे वसली आणि गांधीनगरची कापडपेठ उभी राहिली. परतीचा मार्ग बंद झालेल्या दोन समाजांचा इतिहास शहरापासून इतक्या जवळ असताना गांधीनगरातील एकाही ज्येष्ठ व्यक्तीला बोलावले जाऊ नये, याचे मनापासून वाईट वाटले.

निवास आणि जेवण चांगले होते, शुल्क विद्यार्थ्यांना परवडेल असे होते, आणि मराठीतील टिपणे काळजीपूर्वक तयार केलेली होती. वारसनोंद, जन्मदाखले आणि सातबारा यांच्याशी रोज संबंध येणाऱ्या वकिलांनी व कार्यकर्त्यांनी पहिल्या दिवसासाठी अवश्य जावे. दोन समाजांतील संवाद घडवण्याचे काम शिकू इच्छिणाऱ्यांनी मात्र नाव नोंदवण्यापूर्वी पुढील तुकडीच्या दुसऱ्या दिवसाचे वेळापत्रक मागवून पाहावे.